पोच देणाऱ्याची जबाबदारी : इंटरनेट सेवादात्याने टपाल-सर्व्हरची आज्ञावली कशी निवडावी

तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी घरोघर आणि दुकानोदुकानी इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या ज्या लहान-मध्यम संस्था महाराष्ट्रात उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येकींचा उगम केबलच्या व्यवसायात आहे. आणि दूरसंचार खात्याचा 'ब' किंवा 'क' वर्गाचा परवाना हाती आल्यानंतर त्यांच्या चालकांपुढे आज ना उद्या हा प्रश्न उभा राहतोच, की ग्राहकांना ई-मेलची सेवा आपण द्यावी काय, आणि द्यायची तर कोणत्या आज्ञावलीच्या भरवशावर द्यावी. अशा चालकांसाठी आणि त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुण मंडळींसाठी हा लेख लिहिला आहे.

यातील पहिला प्रश्न टाळून एकदम दुसऱ्याकडे वळणे योग्य होणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, त्या काळी जोडणी घेणाऱ्याला ई-मेलचा पत्ता सेवादात्याकडूनच मिळे. आज ज्याच्या हाती मोबाइल आहे त्याच्याजवळ जीमेलचा पत्ता बहुधा आधीपासूनच असतो. अमेरिकेत व्हेरायझनने २०१७ साली आणि कॉक्सने २०२४ साली ग्राहकांची टपालखाती दुसऱ्या कंपन्यांच्या हवाली करण्याचा निर्णय घेतला, यावरून वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत ते दिसतेच. तेव्हा घरगुती ग्राहकाला केवळ रिवाज म्हणून पत्ता वाटण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु लीज्ड लाइन घेणारे कारखाने, पतसंस्था, शाळा, रुग्णालये यांची गोष्ट निराळी आहे : त्यांना स्वतःच्या नावाचे डोमेन हवे असते, पंधरा-वीस खाती हवी असतात, मोठ्या कंपन्यांचा खात्यागणिक दरमहाचा आकार त्यांना जड जातो, आणि अडचण आली असता ज्याला फोन करून आपल्या भाषेत कैफियत सांगता येईल असा जबाबदार माणूस त्यांना गावातच हवा असतो. ही गरज खरी आहे, तिच्यासाठी पैसे मोजण्याची तयारीही असते, आणि ती भागवणे स्थानिक सेवादात्याला साधते. पुढील सारे विवेचन अशाच सेवेला अनुलक्षून आहे.

आज्ञावलीची निवड करताना बहुतेकजण सोयींची यादी पुढे घेऊन बसतात आणि जिच्या नावापुढे अधिक खुणा पडतील ती पसंत करतात. माझ्या मते निवडीचा प्रारंभ याहून खोल जागेपासून झाला पाहिजे, आणि ती जागा म्हणजे दोन टपाल-सर्व्हरांच्या संभाषणातील एक विशिष्ट क्षण होय. हे संभाषण ज्या भाषेत चालते त्या एसएमटीपीची संहिता जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली, आणि २००८ साली सुधारून निघालेली तिची आवृत्ती आज अमलात आहे. पाठवणारा सर्व्हर आधी स्वतःचे नाव सांगतो, मग प्रेषकाचा पत्ता सांगतो, मग एकामागून एक प्राप्तकर्त्यांचे पत्ते सांगतो, आणि समोरून होकार मिळाल्यावर पत्राचा मजकूर ओतू लागतो. मजकूर संपला हे कळवण्यासाठी तो एका स्वतंत्र ओळीवर नुसता एक बिंदू ठेवतो आणि उत्तराची वाट पाहतो. समोरच्याने '२५०' हे तीन अंक उच्चारले, की त्या पत्राची जबाबदारी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे गेली. पाठवणारा आपल्याजवळची प्रत आता निर्धास्तपणे नष्ट करतो. कचेरीत बारनिशीच्या कारकुनाने अर्जावर शिक्का मारून पोच दिली, की अर्ज हरवला असे म्हणण्याची मुभा सरकारला उरत नाही, तसेच हे आहे. संहितेचे म्हणणे असे, की २५० म्हटल्यानंतर पत्र एकतर पोहोचवलेच पाहिजे, नाहीतर पोहोचवता आले नाही असे प्रेषकाला कळवलेच पाहिजे. क्षुल्लक कारणाने, यंत्र बंद पडले म्हणून, ते गहाळ होता कामा नये. मुक्तस्रोत आज्ञावल्यांच्या या क्षेत्रात जी मोठी नावे आहेत ती सर्व या एका वचनाचे पालन कोणत्या पद्धतीने आणि किती काटेकोरपणे करतात, हे पाहत गेलो म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

सर्वांत जुने नाव सेंडमेलचे. एरिक ऑलमन यांनी बर्कली विद्यापीठात ते लिहिले आणि १९८३ पासून तेथील युनिक्सबरोबर ते जगभर गेले. त्या काळी निरनिराळ्या जाळ्यांवर पत्ते लिहिण्याच्या पद्धतीच निरनिराळ्या होत्या, आणि त्या सर्वांमध्ये दुभाषाचे काम करण्यासाठी सेंडमेलची रचना इतकी लवचीक केली गेली, की तिची मूळ नियमावली वाचणे हाच एक व्यासंग होऊन बसला. शिवाय सर्व कामे करणारा एकच मोठा प्रोग्राम, आणि तोही यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याखाली चालणारा, अशी घडण असल्यामुळे एका चुकीची किंमत संपूर्ण यंत्राला मोजावी लागे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म म्हणून ओळखला जाणारा उपद्रव ज्या वाटांनी पसरला त्यांपैकी एक वाट सेंडमेलमधील चाचणीसाठी ठेवलेल्या सोयीतूनच जात होती. नव्याने उभारणी करणाऱ्याने सेंडमेलच्या वाटेस जाऊ नये. मात्र बाहेरच्या चाळणीला पत्र तपासण्यासाठी दाखवण्याची 'मिल्टर' ही पद्धत त्याने रूढ केली, आणि ती आज इतरांनाही उपयोगी पडत आहे.

सेंडमेलच्या या दोषांची प्रतिक्रिया म्हणून डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल लिहिले. काम लहान लहान प्रोग्रामांत वाटून द्यावे, प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा आणि कोणी कोणावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे तत्त्व त्यांनी टपालाच्या क्षेत्रात प्रथमच इतक्या निष्ठेने अमलात आणले. सुरक्षेतील भोक दाखवून देणाऱ्यास पाचशे डॉलरचे पारितोषिकही त्यांनी १९९७ साली जाहीर केले होते. प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइलमध्ये ठेवणारी 'मेलडिर' ही साठवणीची रीत त्यांचीच. परंतु १९९८ मधील १.०३ या आवृत्तीनंतर मूळ लेखकाने त्यात पुढे भर घातली नाही, आणि २००७ साली ते सार्वजनिक मालकीचे होईपर्यंत सुधारलेली प्रत वाटण्याची मुभाही इतरांना नव्हती. त्यामुळे ज्याने त्याने आपापली ठिगळे जोडण्याचा प्रघात पडला. त्यातून एक दोष तर सेवादात्याला अतिशय महाग पडणारा आहे : मूळ क्यूमेल अस्तित्वात नसलेल्या पत्त्याचे पत्रही दारात २५० म्हणून घेते आणि मग परत पाठवते. स्पॅमवाल्याने प्रेषक म्हणून भलत्याच निरपराध माणसाचा पत्ता घातलेला असतो, त्यामुळे हे परतीचे टपाल त्याच्या माथी बसते आणि आपला सर्व्हर काळ्या यादीत जातो. जुन्या सेवादात्यांच्या कोठीत क्यूमेलची यंत्रे अद्याप आढळतात, आणि ती बदलण्यास विलंब करू नये. अभ्यासासाठी मात्र त्याची घडण जरूर वाचावी.

खरी निवड उरते ती एक्झिम आणि पोस्टफिक्स यांच्यात. एक्झिम फिलिप हेझेल यांनी १९९५ साली केंब्रिज विद्यापीठासाठी लिहावयास घेतले, आणि डेबियनने ते आपले प्रमाणभूत टपाल-साधन म्हणून पुष्कळ काळ जवळ केले. पत्र आत येत असताना कोणत्या टप्प्यावर काय तपासावे, कोणत्या कारणाने नाकारावे, कोणाचे पत्र कोणत्या मार्गाने धाडावे, हे सारे एक्झिममध्ये जितक्या बारकाईने लिहिता येते तितके अन्यत्र क्वचितच. ज्याच्या डोमेनांचे नियम विलक्षण गुंतागुंतीचे आहेत आणि ज्याच्यापाशी एक्झिममध्ये मुरलेला माणूस आहे, त्याने ते खुशाल वापरावे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे, पत्र आले की तत्काळ पुढे धाडावे या गृहीतावर त्याची उभारणी आहे, आणि शिल्लक टपालाची रांग फार वाढली की त्याची चाल मंदावते. दुसरी म्हणजे, सर्व कामे करणारा एकच सर्वाधिकारी प्रोग्राम हा सेंडमेलचा वारसा त्याने सांभाळला आहे, आणि २०१९ च्या जूनमध्ये त्यात जी दूरस्थ आज्ञा चालवू देणारी त्रुटी उघडकीस आली आणि २०२१ च्या मेमध्ये एकाच तपासणीत ज्या एकवीस त्रुटी हाती लागल्या, त्यांची धग म्हणूनच अधिक जाणवली. एक्झिम चालवणाऱ्याने सुरक्षा-सुधारणा आल्या दिवशीच बसवण्याची शिस्त पाळली पाहिजे.

पोस्टफिक्स हे वीत्से व्हेनेमा यांचे काम. आयबीएमच्या संशोधन-संस्थेत त्यांनी ते सिद्ध केले आणि डिसेंबर १९९८ मध्ये खुले केले. क्यूमेलचे कर्तव्य-विभागणीचे तत्त्व त्यात आहे, पण क्यूमेलचा हेका नाही. दारात उभा राहून बाहेरच्यांशी बोलणारा प्रोग्राम वेगळा, पत्राची मांडणी ठाकठीक करून ते रांगेत लिहिणारा वेगळा, रांगेची व्यवस्था पाहणारा वेगळा, बाहेर नेऊन पोहोचवणारा वेगळा. यांतील बहुतेक सर्व दुबळ्या अधिकाराच्या खात्याखाली चालतात, आणि इच्छा असेल तर यंत्राच्या एका कोंडलेल्या भागातच त्यांना ठेवता येते. पत्र तबकडीवर प्रत्यक्ष उतरले याची खातरजमा झाल्याखेरीज ते २५० म्हणत नाही. एखाद्या मोठ्या कंपनीचा सर्व्हर मंद झाला, तरी त्याच्यासाठी थांबलेल्या टपालामुळे इतरांचे टपाल अडून राहू नये, यासाठी रांगेच्या व्यवस्थापकात न्याय्य वाटपाची जी तजवीज आहे ती मला या आज्ञावलीतील सर्वांत सुंदर भाग वाटते. पोस्टफिक्समध्ये त्रुटी सापडतच नाहीत असे नव्हे; डिसेंबर २०२३ मध्ये ओळींच्या शेवटच्या चिन्हांतील शैथिल्याचा फायदा घेऊन एका पत्राच्या पोटात दुसरे पत्र चोरून नेण्याची जी युक्ती जाहीर झाली, ती पोस्टफिक्स, एक्झिम आणि सेंडमेल या तिघांनाही भोवली. परंतु आल्या प्रसंगी सुधारणा त्वरित येते, आणि तिचा खुलासा मोजक्या, स्वच्छ शब्दांत येतो.

पोस्टफिक्सची शिफारस करण्यास आणखी एक कारण आहे, आणि लहान संस्थेला तेच निर्णायक ठरावे. त्याच्या शेकडो नियमांची मूळ मूल्ये इतकी समंजस आहेत, की आपल्याला त्यांतील वीस-पंचवीसच बदलावी लागतात; आणि पोस्टकॉन्फ नावाच्या साधनाला सांगितले असता केवळ आपण बदललेल्या नियमांचीच यादी ते समोर ठेवते. सर्व्हर सांभाळणारा मुलगा पुण्याला चांगली नोकरी मिळून निघून जातो, आणि त्याच्या जागी आलेल्याला आधीच्याने काय करून ठेवले आहे हे उमजता उमजत नाही, ही आपल्याकडील संस्थांची नित्याची व्यथा आहे. ज्या आज्ञावलीचा सगळा फेरफार एका कागदावर मावतो आणि नवख्याला एका दुपारी वाचून समजतो, ती निवडणे म्हणजे पुढील दहा वर्षांचा बंदोबस्त करणे होय. या यादीतील प्रत्येक ओळीशेजारी ती का बदलली याची मराठीत टीप लिहून ठेवण्याचा दंडक घालून द्यावा.

आलेले टपाल साठवून ग्राहकाला दाखवणे हे दुसऱ्याच आज्ञावलीचे काम आहे, आणि तेथे स्पर्धा डव्हकॉट आणि सायरस यांच्यात आहे. सायरस कार्नेगी मेलन विद्यापीठातून आले. टपालाचा साठा ते पूर्णपणे आपल्या ताब्यात ठेवते, एका यंत्राची हुबेहूब प्रतिकृती दुसऱ्यावर राखण्याची सोय त्याच्या पोटातच आहे, आणि फास्टमेलसारखी संस्था त्याच्यावर उभी आहे यावरून त्याची ताकद कळते. पण ते शिकण्यास कठीण आहे आणि आपल्याकडे त्याचे जाणकार विरळ आहेत. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेले डव्हकॉट सर्वसाधारण सेवादात्याला अधिक मानवते. ते साध्या मेलडिरवरही चालते, स्वतःच्या सूच्या बिघडल्या तर त्या आपल्या आपण पुन्हा बांधते, आणि पोस्टफिक्सला ग्राहकाचा पासवर्ड तपासून देण्याचे कामही अंगावर घेते, त्यामुळे ओळखीची नोंद एकाच ठिकाणी राहते.

डव्हकॉट घेणाऱ्याने २.४ या आवृत्तीबाबत सावध असावे. २०२५ च्या जानेवारीत निघालेल्या या आवृत्तीत नियमावलीची लिहिण्याची पद्धत बदलली आहे, त्यामुळे २.३ ची जुनी फाइल जशीच्या तशी चालत नाही; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका ग्राहकाला नेहमी एकाच यंत्राकडे धाडणारा 'डायरेक्टर' आणि दोन यंत्रांत साठा समान राखणारा 'रेप्लिकेटर' हे दोन्ही भाग मुक्त आवृत्तीतून काढून टाकले आहेत. जुन्या पुस्तिकांत या दोहोंवर आधारलेल्या रचना मोठ्या हौसेने सांगितलेल्या आढळतात; त्या आता उभारू नयेत. अनेक यंत्रांनी एकच सामायिक साठा एनएफएसवरून वापरावा हा मोहही आवरावा, कारण एकाच खात्याच्या सूच्या दोन यंत्रे एकाच वेळी लिहू लागली की त्या बिघडतात. त्यापेक्षा ग्राहकांची वाटणी करावी : अमुक डोमेने पहिल्या यंत्रावर, तमुक दुसऱ्यावर, आणि पुढे डव्हकॉटचाच एक दुय्यम भाग प्रॉक्सी म्हणून ठेवून त्याने ज्याला त्याला आपापल्या यंत्राकडे पोहोचते करावे. एक यंत्र निजले तर निम्मे ग्राहक तरी जागे राहतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याला कोठे पाहावे हे कळते.

मेलडिरच्या बाबतीत एक सूचना विस्ताराने करतो, कारण तिच्या अभावी अनुभवी माणूसही चक्रावतो. प्रत्येक पत्र ही एक फाइल असल्यामुळे पाच-सहाशे खात्यांच्या सर्व्हरवर पाहता पाहता लक्षावधी फाइली जमतात. एक्स्ट-४ या फाइल-पद्धतीत फाइलींच्या नोंदीसाठी लागणाऱ्या 'आयनोड'ची संख्या तबकडी तयार करतानाच कायम ठरते. त्यामुळे तबकडी निम्मी रिकामी दिसत असताना पत्र लिहिण्यास जागा नाही असा निरोप येऊ लागतो, आणि सांभाळणारा मोकळी जागा पुनःपुन्हा मोजत बसतो. एक्सएफएस ही पद्धत गरजेप्रमाणे आयनोड निर्माण करते, म्हणून टपालाच्या साठ्यासाठी ती घ्यावी. आणि एक्स्ट-४ आधीच वापरात असेल तर जागेबरोबरच आयनोडही मोजण्याची व्यवस्था देखरेखीत घालावी. बॅकअप घेण्यास लागणारा वेळही जागेपेक्षा फाइलींच्या संख्येवर अवलंबून राहतो, हे दररात्रीच्या वेळापत्रकाचा विचार करताना विसरू नये.

स्पॅमचा विषय निघाला की जो तो आत येणाऱ्या स्पॅमविषयी बोलतो. सेवादात्याच्या दृष्टीने बाहेर जाणारा स्पॅम हा शतपटींनी घातक आहे. आत येणाऱ्याने ग्राहक वैतागतो. बाहेर जाणाऱ्याने सर्व ग्राहकांचे टपाल जगभर नाकारले जाते. याचे स्वरूप असे असते, की एखाद्या संस्थेतील कारकुनाचा सोपा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागतो, आणि मध्यरात्रीनंतर त्याच एका खात्यावरून, दर दोन-चार मिनिटांनी निराळ्या देशातील पत्त्यावरून लॉगिन होत, शेकडो पत्रे सुटू लागतात. लॉगमध्ये ओळख तीच, पण उगमस्थाने परस्परांपासून हजारो मैल दूर. सकाळी कार्यालय उघडते तेव्हा रांगेत पन्नास हजार पत्रे तुंबलेली असतात. येथे पोस्टफिक्सची एक उणीव सांगितलीच पाहिजे : कोणत्या आयपी पत्त्यावरून किती जोडण्या आल्या याला ते स्वतः मर्यादा घालू शकते, पण लॉगिन केलेल्या खात्याने तासाला किती पत्रे पाठवली याचा हिशेब ते स्वतः ठेवत नाही. तो ठेवण्यासाठी धोरण पाहणारा वेगळा सेवक किंवा आरस्पॅमडी या स्पॅमच्या चाळणीतील दर-मर्यादेची सोय जोडावी लागते. ही मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी, आणि ज्या ग्राहकाला अधिक टपाल धाडायचे आहे त्याने अर्ज करून ती वाढवून घ्यावी. जोडणीच्या ग्राहकांना थेट पंचवीस क्रमांकाचा पोर्ट बाहेर वापरू देऊ नये. त्यांनी पासवर्ड देऊन ५८७ किंवा ४६५ या पोर्टाने आपल्या सर्व्हरकडेच टपाल सोपवावे.

चाळणीसाठी स्पॅमअसॅसिन आणि आरस्पॅमडी ही दोन नावे पुढे येतात. पहिले पर्ल भाषेत आहे, २००१ पासून वापरात आहे आणि विश्वासू आहे. दुसरे सी आणि लुआमध्ये लिहिलेले असून पुष्कळ कमी सामर्थ्याच्या यंत्रावर पुष्कळ अधिक टपाल तपासते, शिवाय डीकिमची सही करणे, दर-मर्यादा, ग्रेलिस्टिंग अशी कामे एकाच जागी करते. नव्या उभारणीत मी आरस्पॅमडीच घ्यावे असे म्हणेन. विषाणू-तपासणीसाठी क्लॅमएव्ही जोडावे, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

काळ्या याद्यांविषयी एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे. स्पॅमहाउससारख्या संस्थेची मोफत यादी डीएनएसद्वारे विचारली जाते, आणि गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएस-सेवकामार्फत आलेले प्रश्न ती स्वीकारत नाही. त्याऐवजी तुमचा मार्ग चुकला आहे असे सुचवणारा एक विशेष पत्ता ती उत्तरादाखल देते. सर्व्हरला जर 'काहीही उत्तर आले म्हणजे प्रेषक यादीत आहे' असे शिकवलेले असेल, तर त्या क्षणापासून येणारे प्रत्येक पत्र तो नाकारतो. म्हणून टपालाच्या यंत्रावर अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस-सेवक चालवावा, आणि कोणत्या उत्तराला यादीतील नोंद समजावे हे नियमात स्पष्ट लिहावे.

आज्ञावली कितीही उत्तम असली, तरी जे नाव आणि पत्ता घेऊन आपण जगासमोर उभे राहतो त्याचे दाखले जुळले पाहिजेत. सर्व्हरच्या आयपी पत्त्याची उलट नोंद, म्हणजे पीटीआर, त्याच्या नावाशी जुळावी. आयपी पत्ते स्वतःचे, म्हणजे आयआरआयएनएनकडून घेतलेले असतील तर ही सोय आपल्याच हाती राहते, वरच्या सेवादात्याचे असतील तर त्याच्याकडे अर्ज करून ती करून घ्यावी लागते, आणि अशा अर्जाला लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी प्रत्येक ग्राहकाच्या डोमेनावर कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक टपाल धाडणाऱ्यांना या तिन्हींची सक्ती केली आहे, आणि गूगलच्या हिशेबी एका डोमेनावरून जीमेलच्या खात्यांकडे दिवसाला सुमारे ५,००० पत्रे जाऊ लागली की तो घाऊक प्रेषक; पीटीआरची आणि एसपीएफ किंवा डीकिमची अपेक्षा तर लहानमोठ्या सर्वांकडूनच आहे.

ब्राउझरमधून टपाल पाहण्यासाठी राउंडक्यूब द्यावे. ते मराठीतही दिसते. त्यात वेळोवेळी गंभीर त्रुटी निघाल्या आहेत, म्हणून ते टपालाच्या यंत्रावर न ठेवता वेगळ्या यंत्रावर ठेवावे. पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि चाळण्या एकत्र बांधून देणारे आयरेडमेल, मेलकाऊ यांसारखे तयार संच एखाद्या शाळेला किंवा कारखान्याला पुरे पडतात. परंतु जो दुसऱ्यांच्या टपालाची जोखीम पैसे घेऊन पत्करतो, त्याने आतील प्रत्येक भाग एकदा तरी स्वहस्ते जोडून पाहिलेला असावा. स्टॉलवर्ट हा रस्ट भाषेतील नवा सर्व्हर आशादायक आहे, तो चाचणीच्या यंत्रावर जरूर पाहावा, पण पैसे देणाऱ्या ग्राहकांवर त्याचा प्रयोग करण्याची घाई नको. परवान्याच्या अटीही वाचाव्यात : डव्हकॉट, आरस्पॅमडी यांचे परवाने सैल आहेत, स्टॉलवर्टचा एजीपीएल परवाना मात्र बदल केलेली प्रत सेवेत लावणाऱ्यावर ते बदल खुले करण्याचे बंधन घालतो. झिम्ब्राने २०२० मधील नवव्या आवृत्तीपासून मुक्त आवृत्तीचे तयार संच देणे थांबवले, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या अनेकांची धावपळ झाली. एकाच कंपनीच्या मर्जीवर सर्वस्वी अवलंबून असलेली मुक्तस्रोत आज्ञावली निवडताना हा प्रसंग आठवावा.

कायद्याच्या बाजूने २८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे आदेश सर्वांत महत्त्वाचे. लॉग १८० दिवस आणि भारताच्या हद्दीत जपून ठेवावे लागतात, सुरक्षेचा भंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो, आणि यंत्रांची घड्याळे विहित वेळ-सेवकांशी जुळती ठेवावी लागतात. पोस्टफिक्सने प्रत्येक पत्राला दिलेला रांगेचा क्रमांक लॉगमध्ये आरंभापासून अखेरपर्यंत चालतो, त्यामुळे तहकिकातीच्या वेळी एखाद्या पत्राचा प्रवास काही मिनिटांत उलगडता येतो. लॉग वेगळ्या यंत्रावर पाठवत राहिल्यास घुसखोराला ते पुसताही येत नाहीत.

देवनागरीतील पत्त्यांचा विचार महाराष्ट्रातील सेवादात्याने तरी करावाच. '.भारत' या प्रत्ययाखाली २०१४ पासून डोमेन घेता येते, आणि पत्त्याचा डावा भागही देवनागरीत ठेवू देणारी एसएमटीपीयूटीएफ-८ ही सुधारणा २०१२ साली प्रमाणित होऊन २०१५ च्या पोस्टफिक्स ३.० मध्ये आली. मात्र 'कऱ्हाडकर' हे नाव घ्या : यातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा 'ऱ' आणि हलन्त यांनी, आणि एकदा साधा 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला मात्र ते दोन भिन्न पत्ते वाटतात, आणि टंकणाऱ्याचा कीबोर्ड ज्या प्रकारचा असेल त्यावर पत्र पोहोचणे अवलंबून राहते. अशा नावांना दोन्ही रूपांची उपनामे करून द्यावीत, आणि ज्यांचा सर्व्हर देवनागरी पत्ता अद्याप स्वीकारत नाही त्यांच्यासाठी एक रोमन पत्ताही जोडून द्यावा.

निवड पक्की करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. जे यंत्र आणि जी तबकडी प्रत्यक्षात वापरायची आहे तिच्यावरच सर्व मांडणी करावी, दुसऱ्या यंत्रावरून क्रमांक घातलेली पत्रे अखंड धाडत राहावीत, ज्या क्रमांकांना २५० मिळाले ते तिकडे टिपून ठेवावेत, आणि मध्येच सर्व्हरची विजेची तार उपटावी. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर टिपलेल्या क्रमांकांपैकी एकही पत्र गहाळ आढळले, तर दोष बहुधा आज्ञावलीत नसून लिहिल्याचा खोटा निर्वाळा देणाऱ्या तबकडीत किंवा तिच्या कंट्रोलरमध्ये असतो, आणि ते सामान त्याच दिवशी परत करावे. जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे ही चाचणी हौसेची नव्हे.

जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जाताना डोमेनाच्या एमएक्स नोंदीची मुदत आठवडाभर आधीच पाच मिनिटांवर आणावी, आयमॅपसिंक या साधनाने खात्यांतील टपाल आधी एकदा सावकाश आणि मग बदलाच्या रात्री पुन्हा एकदा नकलून घ्यावे, आणि बदल आठवड्याच्या अखेरीस न करता मंगळवारी-बुधवारी करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सर्व माणसे जागेवर असतात. पोहोचू न शकलेले पत्र पाठवणाऱ्याने निदान चार-पाच दिवस पुनःपुन्हा धाडून पाहावे असे संहितेत सांगितले आहे, आणि तोच नियम आपल्या जुन्या यंत्राच्या रांगेत उरलेल्या टपालालाही लागू आहे; म्हणून जुने यंत्र किमान दहा दिवस चालू ठेवावे, त्यावर चुकून आलेले टपाल नव्याकडे वळवावे, आणि त्याची रांग पूर्ण रिकामी झाली व नव्या यंत्राच्या बॅकअपमधून एक तरी खाते प्रत्यक्ष परत उभे करून पाहिले, म्हणजे मगच त्याची तबकडी पुसावी.